उजव्या वळणावर टक

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आज दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या गाडीने माझं ऐकलं नाही.

वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. गाडी थांबल्यावर मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. इथल्या स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अपघात टाइप केले. 'सुमारे पाच वाजता' असं लिहून आणणाऱ्या फोरमनला मी कागद परत पाठवायची. आता अपघात माझा आहे, पण वेळ बरोबर आहे.

सव्वाचारला पंजाबराव गभण्यांच्या गॅरेजमधून गाडी घेतली. दोन-तीन किरकोळ कामं उरकून घरी निघाले. स्मृती नगरहून जुनवानीकडे येताना जिथे उजवीकडे वळायचं, तिथे वळले. वेग चाळीस, जास्त नाही. गाडी वळायला लागली, आणि मग पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक' असा आवाज आला, आणि गाडीचं तोंड वळायचं सोडून सरळ निघालं. स्टिअरिंग माझ्या हातात वळलेलंच होतं. समोर सायकलवर एक माणूस, जनरल शिफ्टहून परतणारा, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. त्याच्यात आणि बंपरमध्ये फार तर तीन हात उरले तेव्हा गाडी फुटपाथच्या कडेला घासून थांबली.

तो उतरला. माझ्याकडे पाहिलं. डबा पिशवीत सरळ केला आणि निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरापर्यंत पायी चालणाऱ्याच्या वेगाने आले.

आता हे सगळं कशासाठी झालं ते. प्राची ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. कॉलेजसाठी नागपूरहून आली, नोकरीही इथेच लागली, सहा वर्षं माझ्याजवळ आहे. रायपूरच्या एका मोटर क्लबची २८ तारखेला स्पर्धा आहे. मोकळ्या मैदानात शंकू मांडतात, एकेक गाडी त्यांतून वळणं घेत जायची, कमी वेळ त्याचा नंबर. प्राचीला त्यात माझी गाडी न्यायची आहे. निवृत्तीनंतर बदली झालेल्या एका साहेबांकडून घेतलेली ती चार दारांची, मोठ्या इंजिनाची सेडान. एकट्या बाईला एवढी गाडी कशाला, असं प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनमधल्या माझ्या जुन्या शेजारणींनी विचारलं होतं.  प्राचीचं म्हणणं, गाडी पळते उत्तम पण वळणावर एका अंगावर झुकते. म्हणून रुंद आणि जास्त पकड असलेले टायर, कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप, पुढच्या दोन चाकांना जोडणारी जाड दांडी, आणि पुढची चाकं वरून थोडी आत कललेली, म्हणजे वळताना टायर रस्त्यावर पुरता टेकतो. पोरीच्या हट्टापुढे मी मान डोलावली, एवढाच माझा दोष.

काम मंगळवारी संपणार होतं. नाही संपलं, कारण काल विश्वकर्मा पूजा. पाने-हातोड्या धुऊन तसबिरीपुढे मांडलेल्या, कोणी हात लावायचा नाही. पंजाबरावांनी मलाही बोलावलं. माझी गाडी चाकं काढून लिफ्टवर डोक्याइतकी उंच टांगलेली. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "ताई, गाडी तुमची, तुमीच लावा." आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर वर्गात आल्या की कपाळावरची टिकली पुसायला लावायच्या, आणि इथे मी लोखंडाला टिळे लावते आहे. बॉनेटपर्यंत हात पोचेना, तर पुढ्यात जे आलं त्याला तेलातल्या शेंदराचं बोट ओढलं, अक्षता टाकल्या, पेढा खाल्ला आणि घरी आले. असा एक अख्खा दिवस देवाच्या नावाने गेला, आणि आज घाईघाईने गाडी माझ्या गळ्यात मारली.

पंजाबरावांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, टायर नवे हायेत. नव्या टायरवर मेणासारखं असते, शंभर-दोनशे किलोमीटर जाऊ द्या, मंग पकडते."

"आणि तो आवाज?"

"नव्या सामानाचा असन. राग नका मानू, पन गाडी आता कडक झाली. तुमच्या वयाले..."

पुढचं ऐकायला मी फोनवर नव्हते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्राचीने सकाळी गाडी नेली. मना केलं, ऐकलं नाही. ती परत येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते आणि शेजाऱ्यांना तुळशीला पाणी घालते आहे असं वाटावं म्हणून तांब्या धरून होते.

हसत उतरली. "आत्या, मक्खन. रेल्वेसारखी वळते."

"आवाज?"

"आला एकदा. नयी स्प्रिंग हैं, बैठ रही हैं. तू उगीच घाबरून राहिली."

"गाडी सरळ गेली, प्राची. मी वळवली होती."

ती माझ्याजवळ बसली. माझा हात हातात घेतला, हे वाईट लक्षण. "तुझा पाय ब्रेकवर पडला असेल ना गं. ब्रेक दाबला की गाडी सरळच जाते. होते असं."

ती प्रेमाने बोलली. म्हणूनच जास्त लागलं. दिवसभर मी आठवून पाहिलं. पाय कुठे होता? आवाजाच्या आधी की नंतर? काल मला ठाम माहीत होतं. आज माहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

गॅरेजमध्ये जाऊन आले.

तिथला मुख्य फिटर रूपेश. पस्तिशीचा, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला, कमी बोलणारा. त्याने गाडी लिफ्टवर गुडघ्याइतकी उचलली, डावं चाक काढलं आणि टॉर्च मारला. नट कसण्याचा एक खास पाना असतो. हवा तेवढा जोर लागला की तो 'कट' असा आवाज करतो. तसा कसला की रूपेश नटावरून खालच्या लोखंडापर्यंत नारिंगी रंगाची एक रेघ ओढतो. नट ढिला होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

"पाहा मॅडम. रेघ हाये इथं, इथं, आन् हे वरच्यावर. चाक आत कलवतो तो हाच नट. तुटली नाही."

मी लांबून वाकून पाहिलं. नारिंगी दिसलं. माझ्या गुडघ्यांना त्याहून जास्त वाकवत नाही.

"पाना लावून दाखव."

रूपेशने पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव चरोद्याच्या रेल्वे यार्डात तीस वर्षं डबे तपासायचे. खुर्चीतूनच म्हणाले, "ताई, आमच्या यार्डात डब्यावर खडूचं निशाण पाहून अख्खी मालगाडी सोडत होतो. निशाण हाये म्हंजे हाये. त्याच्यावर पुन्हा पाना लावाचा तं निशाण कायले माराचं?"

"माझ्या समाधानासाठी."

"तुमच्या समाधानासाठी हे घ्या." चाकांच्या मापाची मशीनमधून निघालेली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. सगळे आकडे बरोबर. ती चिठ्ठी उभ्या गाडीची आहे, हे मी त्यांना सांगितलं. उभ्या गाडीने अजून कोणाला मारलेलं नाही.

रूपेश जाताना म्हणाला, "मी स्वतः पायलं होतं मॅडम, अठराले सकाळी. चारी बाजूनं पायलं."

त्याने पाहिलं असेल किंवा खोटं बोलत असेल. चेहऱ्यावरून तो खोटारडा वाटत नाही, पण सेफ्टीत मी असे पुष्कळ चेहरे पाहिले आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

प्राची सरावाला निघाली, मी शेजारी बसले. तिला वाटलं मी हौसेने येते आहे. मी मोजायला गेले होते.

जुनवानीच्या पलीकडे रिकामी जागा आहे. तिथे तिने पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या. मी वही मांडीवर घेतली. उजवी वळणं अकरा, त्यांत 'टक' नऊ वेळा. डावी वळणं चौदा, एकदाही नाही.  दाराचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटांवर त्याचा वळ उमटला आहे. ती चाळिसाच्या वर जात नव्हती. मैदानात ती साठ-सत्तरने जाणार.

एका डाव्या वळणावर गाडी अशी वळली, की ते इथे लिहायची गरज नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

डोळे तपासून घेतले. नंतर फॅमिली डॉक्टरकडे जाऊन हातापायांची ताकद, तोल, सगळं तपासायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "सुशीलाताई, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. काय झालं?"

मी काही झालं नाही म्हटलं.

बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडू आलं. माझे डोळे अधू निघावेत म्हणून मी गेले होते. माझा पाय चुकला असेल तर गाडी ठीक आहे. गाडी ठीक असेल तर प्राची रविवारी धडधाकट परत येईल. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच मनापासून वाटतं आहे, की चूक माझी निघावी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

धुणं करणारी दुर्गा माझी पिवळसर सुती साडी घेऊन आली. पदराला आणि कोपराकडे नारिंगी डाग. "दाई, ये बंदन के दाग हे. तेल वाले. नइ छूटय."

बंदन म्हणजे शेंदूर; पूजेच्या दिवशीची साडी. गभण्यांच्या हिशेबात ही एक तक्रार वाढवते. नवी साडी होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

काल प्राची म्हणाली की ती शुक्रवारी भाड्याने हेल्मेट आणणार आहे. हेल्मेट म्हटल्यावर मला सायकलच्या हँडलला लटकणारं ते हेल्मेट दिसलं. आज सकाळी उठून मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात घातली.

साडेआठला तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मला खोटं बोलता येत नाही, हे तिला सहा वर्षांपासून माहीत आहे. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, दोन डबे उघडले, तिसऱ्यात सापडली.

"आत्या, हे काय आहे?"

"तू त्या गाडीत बसणार नाहीस."

"तुला गाडीची भीती वाटते का माझी?"

"तुझी कशाला वाटेल."

"मी जिंकली तं तुझ्या हातातून गाडी जाईल असं वाटते तुला. मागच्या वर्षी मी ती धुतली तरी तू तोंड फुगवलं होतं."

हे धादांत खोटं आहे. मी फक्त म्हणाले होते की कोरड्या फडक्याने काच पुसू नये, ओरखडे पडतात.

मी वही तिच्यापुढे टाकली. "वाच. मी म्हातारी आहे, घाबरट आहे, गाडीवर जीव टाकते, सगळं कबूल. पण आकडे वाच."

ती उभ्याउभ्या वाचायला लागली. मग बसली. इंजिनीअर आहे, आकड्यांपुढे तिचं तोंड बंद होतं. पान संपवून म्हणाली, "सगळे उजवेच?"

"सगळे उजवे."

"उजवीकडे वळताना सगळं वजन डाव्या चाकावर येते." तिने बोटाने टेबलावर चाक काढलं, ते वरून बाहेर कलवलं. "हे असं होत असेल तर टायरची पकडच सुटते... पण मग तो नट..." बोट टेबलावरून उचललं. "रूपेशदादा म्हणतात रेघ आहे."

"रूपेशदादा म्हणतात."

ऑफिसला ती बसने गेली. माझ्या छातीवरून थोडं ओझं उतरलं, आणि लगेच दुप्पट झालं. आजवर घाबरणारी मी एकटी होते, तेव्हा मी चूक असू शकत होते.

संध्याकाळी तिने गॅरेजला फोन केला. पंजाबराव देवीच्या दर्शनाला डोंगरगडला गेलेत, शुक्रवारी येतील. त्यांना विचारल्याशिवाय रूपेश पाना लावणार नाही. प्राची म्हणाली, "ठीक आहे, दुसऱ्या गॅरेजला नेते." तर ती मंडळी म्हणतात, जिथे काम केलं तिथेच दाखवा, दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज गाडी घरी उभी आहे. दोनदा तिच्याजवळ जाऊन डाव्या चाकाकडे पाहून आले. चाक चाकासारखं दिसतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पंजाबराव परतले. मी इंग्रजीत पत्र टाइप करून ठेवलं होतं, पण फोनवर मराठीतच बोलले, कारण राग मला मराठीतच नीट येतो. म्हटलं, तुमचा फिटर खोटं बोलतो. नट कसलेला नाही. त्याने न पाहता पाहिलं म्हणून सांगितलं.

पंजाबरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बारा वर्सं झाली त्याले माह्याकडं. एक नट सुटला नाही त्याच्या हातून."

"हा सुटला."

"ठीक हाये ताई. उद्या दहाले या. तुमच्यासमोर पाना लावतो. ढिला निघाला तं रूपेशले काढून टाकतो. मंग तं झालं समाधान?"

"तो तुमचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर प्राची माझ्याकडे पाहत राहिली. "त्यांना दोन मुली आहेत, आत्या."

"मला एक आहे," मी म्हणाले. ती माझी नाही, भावाची आहे, हे मला तोंडातून गेल्यावर आठवलं. तिने काही दुरुस्ती केली नाही.

प्राची म्हणते, उद्या नट नीट निघाला तर ती रविवारी जाणार, आणि त्यानंतर मी एक शब्द बोलायचा नाही. मी कबूल केलं. 

२७ सप्टेंबर, शनिवार

हे सगळं जसं झालं तसंच लिहायचं आहे.

दहाला पोचलो. गाडी लिफ्टवर गेली, पुढची दोन्ही चाकं निघाली. रूपेशने तो खास पाना आणला. माझ्याकडे पाहिलं नाही. आधी उजवी बाजू. खालचा नट, कट. वरचा नट, कट. मग डावी बाजू. खालचा नट, कट. पंजाबराव खुर्चीतून उठून जवळ आले होते.

डावीकडचा वरचा. रूपेशने पाना लावला आणि जोर दिला. पाना फिरला. नळाची तोटी फिरावी तसा, एका हाताने, आवाज न करता फिरत गेला. दीड आटा.

प्राचीने मागून माझा खांदा धरला. नऊ दिवस. अकरा वळणं मी शेजारी बसून मोजली.

"रेघ होती, मॅडम," रूपेश म्हणाला. आवाज अगदी बारीक. "देवाशपथ रेघ होती." त्याने टॉर्च घेतला, वाकला, त्या नटावर बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं. मग शेजारच्या नटावर फिरवलं, तिथला रंग वाळलेला, बोटाला काही लागलं नाही. त्याने पहिलं बोट नाकाशी नेलं.

मग नखाने नटाच्या कडेच्या ग्रीसमधून काहीतरी काढलं आणि तळहातावर ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. पंजाबरावांकडे पाहत होता. पंजाबरावांनी दाण्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. माझी साडी मला आठवली, कोपराकडचा डाग. हात किती उंच करावा लागला होता ते आठवलं. बोट कसं वरून खाली ओढलं होतं, नटावरून लोखंडावर, सरळ.

"सोळाले संध्याकाळी मी हा हातानंच लावून ठेवला होता," रूपेश हळूहळू सांगत होता, जणू स्वतःलाच. "कसणारच होतो, तं काका म्हणले, अवजारं धुवाले टाक, उद्या पूजा हाये. अठराले सकाळी पायलं तं निशाण होतं. मले वाटलं, मीच कसला असन. चाक चढवलं."

 बाहेरच्या मंडपात देवीची गाणी चालू होती. पंजाबराव म्हणाले, "जाऊ द्या ताई. देवाचं काम होतं. कोनाचाच दोस नाही."

किती सोयीचं होतं. मान हलवायची आणि निघायचं. प्राची कानाशी म्हणाली, "आत्या, घरी चल."

मी रूपेशला म्हणाले, "ते माझं बोट आहे."

"माहीत हाये, मॅडम," तो म्हणाला, आणि नट कसायला लागला. कट. मग त्याने फडक्याने शेंदूर पुसला, रंगाची डबी आणली आणि रेघ ओढली. हात स्थिर होता. 

येताना प्राचीने किल्ली माझ्यापुढे धरली. मला नको होती. तिने धरूनच ठेवली. त्याच उजव्या वळणावर मी चाळीसने आले. गाडी वळली. आवाज नाही, झुकणं नाही, चारही चाकांनी रस्ता धरून अशी वळली की, हे आता लिहायलाच हवं, आयुष्यात मी इतकी सुरेख वळलेले नाही. गेली तीन वर्षं मी त्या वळणावर दर वेळी चरफडायची. ते झुकणं मलाही सहन होत नव्हतं. हट्ट एकट्या प्राचीचा नव्हता.

घरी येऊन हात तीनदा धुतला. भीती गेली नाही. इतके दिवस ती गाडीची होती, आता या बोटाची आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

प्राची सहाला गेली. बरोबर ये म्हणाली, मी गेले नाही. कोणी शंकूंतून सत्तरने जात असताना शेजारी उभं राहणं मला जमणार नव्हतं. घरी बसून पत्र लिहिलं. आधीचं इंग्रजी पत्र फाडलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. तेवीस गाड्यांत सातवी. एक शंकू पाडला. "आत्या, गाडीची चूक नव्हती, माझी होती," म्हणाली. मी तिला म्हटलं, हे वाक्य सांभाळून ठेव, घरात कमी आहे.

पत्र उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार. इथे उतरवून ठेवते.

श्री. पंजाबराव गभणे यांस,

दिनांक १८ सप्टेंबर रोजी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी माझी गाडी उजव्या वळणावर सरळ गेली. त्याचं कारण काल आपल्या सर्वांसमोर निघालं. न कसलेल्या नटावर शेंदराचा टिळा मी लावला. मला कोणी तो नट दाखवला नव्हता, आणि मी कोणाला विचारलं नाही. त्यानंतर आठवडाभर मी तुमच्या फिटरला खोटारडा समजत होते, आणि परवा तुम्ही त्याला काढण्याची गोष्ट केलीत तेव्हा मी गप्प राहिले. तो खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. त्याची मी माफी मागते, आणि ही माफी त्याला वाचून दाखवावी, तुमच्या खुर्चीपाशी नव्हे, सगळ्यांसमोर.

पण माझी चूक निघाली म्हणून तुमची मिटली नाही. अर्धं काम लिफ्टवर टांगून अवजारं धुवायला कोणी लावली? अर्धवट नटाजवळ एक चिठ्ठीसुद्धा का नव्हती? निशाण आहे म्हणून पाना लावायचा नाही, हा यार्डातला नियम माझ्या गाडीला का लावलात? मी दोनदा मागितला तेव्हा एक पाना फिरवायला तुम्हाला किती वेळ लागला असता? आणि रंग नारिंगीच का? तो उद्याच बदलून निळा करावा. निळा शेंदूर अजून कोणत्याही देवाने मागितलेला नाही.

रूपेश कामावर राहील किंवा नाही, हेही लेखी कळवावं. तोंडी आश्वासनं मी टाइप करत नाही.

बुधवारी खांडेनवमी आहे. अवजारं पुन्हा पूजेला बसतील आणि ताट पुन्हा कोणाच्या तरी हातात जाईल. म्हणून उत्तर त्याआधी हवं.

या पत्राची एक प्रत श्रीमती सुशीला चाफले, जुनवानी, यांना देत आहे. त्यांनीही लिहून द्यावं की ज्यावर त्यांचा विश्वास नव्हता ते त्यांनी का केलं, आणि जे त्यांनी केलं ते आठवायला त्यांना दहा दिवस का लागले. त्यांनाही सवलत नाही.

दोघांचंही लेखी उत्तर मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडावं. सुमारे पाच चालणार नाही.